जुन्या जीपचा मूळ रंग

लष्करी गाडीचा रंग कोणता, असे विचारले तर तुम्ही चटकन म्हणाल, "हिरवा!" मीही तेच म्हटले असते. पण आमच्या यवतमाळात एका स्नेह्यांच्या गोठ्यामागे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप उभी आहे. युद्धानंतर लष्कराने अशा पुष्कळ गाड्या विकून टाकल्या, त्यांतलीच ही. तिला पुन्हा फौजी रूप द्यायचे त्यांनी ठरविले आणि बाजारातून हिरव्या रंगाचा डबा आलासुद्धा. मी म्हटले, "थांबा हो, आधी आत काय आहे ते तर पाहू!"

सगळा पत्रा घासून लख्ख केला की पुरावा गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा नाण्याएवढी जागा ओल्या, बारीक पॉलिशपेपरने हळूहळू घासावी. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे थर उघडे पडतात. आम्हांला वर निळा, मग पिवळा, मग मळकट हिरवा आणि तळाशी रेड ऑक्साइड लागला. ही जागा बॉनेटवरची नसावी. उन्हाने तिथला रंग पांढुरका पडलेला असतो. नावपट्टीमागे, बिजागरीखाली शोधावे. तिथेही एक गोम आहे. आपल्या जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळतो. म्हणून उघडा केलेला भाग काही दिवस उजेडात राहू द्यावा आणि मग दिवसाच्या प्रकाशात नमुना जुळवावा.

बरे, मूळ रंग तरी एकच होता का? अमेरिकनांचा ऑलिव्ह ड्रॅब हा मुख्यतः काळा आणि गेरूसारखी पिवळी माती यांचे मिश्रण. ब्रिटिश गाड्या १९४२ च्या सुमारास तपकिरी झाल्या, कारण हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई! १९४४ मध्ये त्यांनीही ऑलिव्ह ड्रॅब घेतला. जर्मनांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद पिवळा ठरविला. पण तो तुकड्यांना घट्ट लगदा म्हणून मिळे. कुणी त्यात पेट्रोल घाली, कुणी पाणी, आणि दर गाडीची छटा निराळी होई. एकाच डब्याचा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

देशोदेशींचे रणगाडे अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४ पासून पाहायला मिळतात. तिथे गेलात, तर तोफेआधी रंगाकडे पाहा आणि हा थर केव्हा चढला असेल, याचा विचार करा.

आमच्या स्नेह्यांनी जीप रंगविली. मात्र हत्यारांच्या कप्प्याच्या झाकणाची आतली बाजू तशीच ठेवली. रंगारी म्हणाला, "साहेब, एवढंच राहिलं की!" त्यांनी त्याला चहा दिला आणि झाकण लावून घेतले.