गळाची हौस आणि समुद्राचे नियम

इंग्लंडच्या किनाऱ्यावर गळ टाकून मासे धरायला परवाना लागत नाही. नदीत किंवा तळ्यात गळ टाकायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो. समुद्रात आणि भरतीचे पाणी पोचते त्या खाड्यांत मासे धरण्याचा हक्क मात्र मध्ययुगापासून सर्वांचा मानला गेला आहे. हौशी लोकांची बरीचशी अडचण याच मोकळिकीतून निघते. व्यावसायिक होडीने किती मासळी उतरवली ते सरकारदफ्तरी लागते. रविवारी धक्क्यावर गरवत उभ्या असलेल्या माणसाची गणती कुठेच होत नाही.

२००९च्या सागरी कायद्याचे विधेयक घडत असताना समुद्रातल्या गळालाही सशुल्क परवाना लावावा, अशी कल्पना निघाली होती. हौशींनी कडाडून विरोध केला आणि ती बारगळली. कायदा आल्यावर किनाऱ्यापासून सहा सागरी मैलांपर्यंतचे पाणी दहा प्रादेशिक प्राधिकरणांकडे गेले. पुढे २०१२ साली पाहणी झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये समुद्रात गळ टाकणारे ८,८४,००० लोक आहेत आणि ते वर्षाला सुमारे १ अब्ज २३ कोटी पौंड खर्च करतात, असा अंदाज निघाला. आमिष विकणारा दुकानदार, भाड्याच्या बोटीचा तांडेल, किनाऱ्यावरची खानावळ या सगळ्यांचे पोट त्या खर्चावर चालते.

याच कायद्याने सागरी संवर्धन क्षेत्रे आली. २०१९पर्यंत त्यांची संख्या ९१ झाली. त्यांची धास्ती वाटली होती तेवढी झळ गळाला बसली नाही, कारण तिथे संरक्षण असते ते खडक, समुद्री गवत, गाळाचा तळ अशा ठरावीक गोष्टींना. तळ खरवडत जाणारी जाळी त्यांचा नाश करतात, पाण्यात लोंबणारा गळ सहसा नाही. होडीचा नांगर मात्र करतो. डॉर्सेटमधल्या स्टडलंडच्या उपसागरात समुद्री घोड्यांचे घर असलेले गवत नांगराने उपटले जाते, म्हणून २०२१च्या अखेरीस तिथे नांगर न टाकण्याचा ऐच्छिक पट्टा आखला गेला. पूर्ण बंदीची क्षेत्रे वेगळी. लंडी बेटाच्या पूर्वेला २००३पासून सुमारे ३.३ चौरस किलोमीटर पाण्यात कुणालाच काही धरता येत नाही, आणि तिथले शेवंडे संख्येने व आकाराने वाढले. २०२३ साली आणखी तीन कडक संरक्षणाची क्षेत्रे जाहीर झाली. लिंडिसफार्न बेटाजवळच्या क्षेत्राचा प्रस्ताव स्थानिक विरोधामुळे बारगळला.

खरा चटका बसला तो सीबासच्या नियमांचा. हा मासा सावकाश वाढतो. ४२ सेंटीमीटर व्हायला त्याला सहा-सात वर्षे लागतात आणि मादी साधारण त्याच सुमारास अंडी घालण्याजोगी होते. २०१५ साली किमान लांबी ३६वरून ४२ सेंटीमीटर झाली. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मापायचे आणि मासा आखूड भरला तर ओल्या हातांनी धरून सोडायचा. त्याच वर्षी हौशींना दिवसाला तीन मासे अशी मर्यादा आली, पुढच्या वर्षी पहिले सहा महिने एकही नाही आणि नंतर एक. २०१८ची सुरुवात तर धरलेला प्रत्येक मासा सोडण्याच्या सक्तीने झाली. गळाने मासेमारी करणाऱ्या व्यावसायिक होडीला त्या वर्षी पाच टनांची मुभा होती. हौशींचा संताप समजण्यासारखा आहे.

तरी तो नियम वर्षभर टिकला नाही. सोडलेल्या माशांपैकी किती मरतात याचे प्रमाण आधी धरले होते त्याहून बरेच कमी निघाले, हौशींच्या पकडीचा अंदाज सुधारला आणि १ ऑक्टोबरपासून दिवसाला एक मासा घरी नेता येऊ लागला. २०२०मध्ये मार्च ते नोव्हेंबर या काळात मर्यादा दोनवर गेली. गळाला सवलत मिळाली ती मोजणीमुळे. नुसत्या परंपरागत हक्काच्या दाव्याने ती मिळाली नव्हती.

निळ्या परांच्या मोठ्या कुपा माशाबाबत इंग्लंडने पुढचे पाऊल टाकले आहे. २०२४पासून त्याच्यामागे हौसेने जायचे तर बोटीला परवाना घ्यावा लागतो, मासा जिवंत सोडावा लागतो आणि पकड कळवावी लागते.