माप कोण कुणाचं घेतं?



"तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल," असं संयोजकांनी सांगितलं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअरचं. पण कोडबद्दल ऐकायला इथे कुणी आलेलं नाही, म्हणून तुमच्या-माझ्या फोनवर रोज दिसणाऱ्या कपड्यांच्या जाहिरातींबद्दल बोलते. त्या आपल्याला कुर्ता विकतात आणि जाता जाता आपल्याच अंगाबद्दलचं एक मतही देऊन जातात.

पूर्वी चौकातल्या होर्डिंगवरची साडीची जाहिरात सगळ्यांना एकच दिसायची. आता फोनवर पान उघडेपर्यंत, क्षणार्धात, जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि जिच्यावर तुम्ही बोट ठेवण्याची शक्यता जास्त, ती जाहिरात पुढे येते. कोणत्या फोटोवर थांबलात, कोणता मोठा करून पाहिलात, काय कार्टमध्ये टाकून सोडून दिलंत, याची नोंद होत असते. यंत्राला कळतं ते एवढंच, की तुम्ही थांबलात. रंग आवडला म्हणून थांबलात की "माझं पोट असं सपाट का नाही" या विचाराने थांबलात, हा फरक त्याच्या हिशोबात नसतो. दोन्हींचा अर्थ एकच : असंच आणखी दाखवा.

फोटोंचंही ऐका. शूटिंगच्या वेळी कपडा अनेकदा पाठीमागून क्लिपा लावून आवळलेला असतो. मग संगणकावर कंबर, त्वचा, दंड 'नीट' केले जातात. काही जाहिरातींत तर मॉडेलच संगणकाने तयार केलेली असते. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि नॉर्वेत २०२२ पासून, जाहिरातीत मॉडेलच्या शरीराचा आकार बदलला असेल तर तसं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं, की मोजायला दुसरी पट्टी नसली की माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो. आपल्याला ताडून पाहायला आपला वर्ग होता. त्यात उंच, बुटकी, लुकडी, गुबगुबीत अशी सगळी होती. आजच्या मुलामुलींसमोर दिवसभर येतात ती निवडलेली, घासूनपुसून गुळगुळीत केलेली शरीरं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत; टी-शर्टच्या जाहिरातीतले दंड पाहून ते आरशासमोर उभे राहतात.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. मध्यंतरी मागवलेला कुर्ता तिच्या दंडात अडकला. ती म्हणाली, "आई, माझे दंड फार जाड आहेत." बाही अरुंद आहे, असं ती म्हणाली नाही. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या बाहीचं माप येतं कुठून? एल, एक्सएल या अक्षरांमागचा तक्ता प्रत्येक कंपनी आपापला ठरवते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली आणि पुढे तिथल्या प्रमाण मापांना त्यांचा आधार झाला. पण हिशोबात धरल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. आपल्याकडच्या तयार कपड्यांचे तक्तेही बरेचसे अमेरिकी आणि ब्रिटिश मापांवरून आलेले. म्हणूनच 'निफ्ट' या संस्थेने 'इंडियासाइझ' प्रकल्प हाती घेतला : सहा शहरांतल्या, १५ ते ६५ वयाच्या, २५ हजार भारतीयांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा. म्हणजे तक्ता माणसांना जुळत नाही, हे मान्यच झालं आहे.

आपले गणवेश आठवा. शिंपीकाका टेप आपल्या अंगाला लावायचे. "वाढत्या अंगाचं शिवा, आत माया ठेवा," असं आया सांगायच्या. पुढच्या जूनमध्ये शिवण उसवली, की तोच शर्ट पुन्हा बसायचा. तयार कपड्यात माया जेमतेम असते. कपडा सैल करता येत नाही, मग आपण स्वतःलाच आवळू लागतो.

आणि हे फक्त मुलांपुरतं नाही. आपल्या स्नेहमेळाव्याची तारीख ठरल्यावर दोन मैत्रिणींनी मला फोन करून, अगदी एकाच शब्दांत सांगितलं, "थोडं वजन उतरलं तर येते." त्यातली एक आज इथे बसली आहे. दुसरी आलेली नाही. पंचेचाळिशीतली, दोन मुलांना वाढवलेली, नोकरीत नाव काढलेली बाई आपल्याच बाकावरच्या मैत्रिणींना भेटायला लाजते, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. ऑनलाइन कपडा घेताना अक्षर बघू नका. घरातला नीट बसणारा कपडा टेपने मोजा आणि इंचांचा तक्ता पाहा. नको त्या जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांवर बोट ठेवून ती लपवा. गूगलच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये वजन घटवण्याच्या जाहिराती कमी करण्याचा पर्यायही आहे. आणि तिसरी गोष्ट सेटिंगमधली नाही. "अगं, किती सुटलीस!" आणि "काय रे, टक्कल पडलं!" ही आपली स्वागताची वाक्यं आता पुरे. आपली मुलं ती ऐकत असतात. कपडा बसला नाही, तर "कपडा बसला नाही" एवढंच म्हणायची सवय त्यांना आपल्याकडूनच लागेल.

न आलेल्या त्या मैत्रिणीला आज संध्याकाळी मी फोन करणार आहे. तुम्हीही करा. वजनाचा विषय मात्र कुणी काढू नका.