घरगुती द्राक्षासव आणि किण्वाची निवड



1949 चा दारूबंदी अधिनियम आणि अबकारी खात्याचा परवाना यांचे स्मरण ठेवूनच मी आजच्या विषयाला हात घालीत आहे, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून नाताळासाठी वाइनची बरणी भरताना द्राक्षे व मनुका पारखण्यात जी चोखंदळ दृष्टी दिसते, ती किण्वाची, म्हणजे आपण ज्याला सर्रास यीस्ट म्हणतो त्याची, पाळी येताच कोठे लोपते कोण जाणे. पावाचे यीस्ट चिमूटभर टाकले की काम उरकले, अशी समजूत असते.

किण्वन हे सजीवांचे कार्य आहे हे पाश्चरने सिद्ध केले आणि 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविले, तेव्हापासून निवडीचा अखत्यार खऱ्या अर्थाने मनुष्याच्या हाती आला. पावाचे आणि वाइनचे किण्व जातीने एकच असले, तरी पहिले वायू झपाट्याने सोडण्यासाठी जोपासलेले असल्यामुळे मद्यार्क वाढू लागताच सहसा लवकर थकते व तळाशी नीट बसत नाही.

शँपेन प्रांतातून आलेले ईसी-1118 हे किण्व 18 टक्के मद्यार्कापर्यंत टिकते, म्हणून जो तो त्याचीच शिफारस करतो. मला मात्र ती सरसकट मान्य नाही. लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क होतो. तेव्हा 220 ग्रॅम साखरेच्या रसातून तेराच्या आसपासच मजल जाणार, आणि तेथे अठरांचे सामर्थ्य निरुपयोगीच ठरणार. याउलट किलोला किलो साखर घालण्याच्या घरगुती रिवाजात हेच किण्व साखर खात सुटते आणि वाइन अकारण जहाल होते, तर पावाचे यीस्ट मध्येच थांबल्यामुळे शिल्लक राहणारा गोडवाच पुष्कळांना प्रिय असतो; आजीबाईंच्या पद्धतीचा एवढा बचाव मी आनंदाने करीन.

फळ आंबट असेल, विशेषतः सफरचंदासारखे मॅलिक आम्लाचे, तर त्या आम्लाचा काही अंश पचविणारे 71बी घ्यावे. पण आपल्याकडे खरा प्रश्न उष्म्याचा आहे. थंड तळघरे आपल्याला नाहीत, आणि रस फार तापला की किण्वन अर्ध्यावर अडते. म्हणून कोकणपट्टीसाठी माझा कौल माँपेलिये येथे निवडलेल्या के1-व्ही1116 ला आहे: ते 35 अंश सेल्सिअसपर्यंत काम करते, आणि आपल्या विषाने इतर संवेदनक्षम किण्वांना मारून बरणीवर अंमल बसविते.

कोणतेही सुके किण्व घ्या, ते थेट रसावर भुरभुरण्याऐवजी 35 ते 40 अंशांच्या कोमट पाण्यात पाव तास भिजवावे, त्यात थोडाथोडा रस मिसळून दोहोंच्या उष्णतेतील अंतर कमी करावे, आणि मगच ते बरणीत ओतावे.