बाईची ओळ कुठे आहे?

(मांजरसुंबा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



दिवाळी आली की धुळे-सोलापूर रस्त्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन गाड्या निघतात. गाडीत बाया-बाप्ये दोघंही असतात, पण मुकादमाच्या वहीत नोंद एकच: एक कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. उचल नवऱ्याच्या नावावर आणि फेडायला दोघं.

आता वहीच्या जागी संगणक येतो आहे. त्याने बाई दिसू लागेल का? आमच्या कामात मदत करणारी एक मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर करते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या नोंदीसाठी तिने छोटी वेबसाइट करून दिली. तिचा अनुभव सांगते.

वेबसाइट कुणी पहिल्या विटेपासून बांधत नाही. तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. तिने घेतला तो जँगो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तो तयार झाला आणि 2005 साली सर्वांना फुकट खुला झाला. लॉग-इन, अर्ज, माहिती भरण्याची पानं, सगळं त्यात आयतं मिळतं.

पण तक्त्यातली एक ओळ कुणाची, हे सांगाडा सांगत नाही. ते करणाऱ्याने ठरवायचं असतं. मुकादमाची वही समोर ठेवून तक्ता केला, तर ओळ कोयत्याची होते आणि बाई पुन्हा गायब. दुसरी गोष्ट, जँगोच्या अर्जातला रकाना आपोआप सक्तीचा होतो. 'रिकामा चालेल' असं मुद्दाम लिहावं लागतं. ते राहिलं, तर 'पतीचे नाव' कोरं ठेवणाऱ्या परित्यक्तेचा अर्ज पुढे सरकतच नाही. तिला कुणी नाकारलेलं नसतं. अर्ज करताना ती कुणाला आठवलेलीच नसते.

म्हणून ही मुलगी आधी बायांच्या बैठकीत येऊन बसली. मग प्रत्येक बाईची ओळ वेगळी झाली, कोयत्याचा तक्ता वेगळा झाला आणि पतीचं नाव ऐच्छिक झालं. तक्त्याची रचना बदलण्याला जँगोत 'मायग्रेशन' म्हणतात, म्हणजे स्थलांतरच! हे ऐकून बाया खूप हसल्या.

एकेक बाई मोजली की काय दिसतं, ते आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. नुसते कोयते मोजले असते, तर हा आकडा कधीच पुढे आला नसता.

तेव्हा यापुढे कुणी मोबाईल घेऊन नोंदणीला आलं, तर तीन प्रश्न विचारा. यात माझी स्वतःची ओळ आहे का? कोणता रकाना सक्तीचा आहे, आणि का? ही माहिती कोण कोण पाहणार? उचलीचा आकडा मुकादमाला दिसणार असेल, तर तो भरायचा की नाही हे आपण ठरवू.

आणि आपल्या पोरींना हे काम शिकू द्या. तक्ता आखणाऱ्यांमध्ये कोयता घेतलेल्या आईची लेक असली, तर बाईची ओळ विसरली जाणार नाही.