वडिलांची देणी आणि वारसांची मर्यादा

पुणे जिल्ह्यातल्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातली बरीच छोटी वर्कशॉप एकाच माणसाच्या मालकीची असतात. वेगळी कंपनी नोंदलेली नसते. त्यामुळे मालक गेला की लेथ मशीन, बँकेतली शिल्लक आणि राहतं घर कायद्याच्या लेखी एकाच इस्टेटीत जमा होतं. दहावं होण्याआधीच स्टीलवाला, टूलवाला, बँकेचा माणूस दारात येतो आणि मुलाला वाटतं, हा सगळा बोजा आता आपल्या डोक्यावर. तसं नाही. मुंबई इलाख्यात 1866 सालच्या कायद्यानंच हिंदू वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. पितृऋण फेडणं हे पुत्राचं धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर होणारी वसुली 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांसाठी बंद झाली. दिवाणी प्रक्रिया संहितेत तर ही मर्यादा कोणत्याही धर्माच्या वारसाला लागू आहे.

पण मालमत्ताच तोकडी असेल तर आधी कोणाचं फेडायचं? 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात क्रम दिलेला आहे. आधी अंत्यविधीचा आणि अखेरच्या आजारपणाचा वाजवी खर्च, मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून प्रमाणित करून घेण्याचा खर्च, त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांची कामगार-कारागिरांची मजुरी. उरलेल्या धनकोंना सारख्याच प्रमाणात. कोणालाही झुकतं माप नाही. तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क तेवढा वेगळा. मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळायचं, ते सर्वांत शेवटी. हा क्रम पाळण्याचं बंधन मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर किंवा कोर्टानं नेमलेल्या प्रशासकावर असतं, आणि आपल्याकडची खरी अडचण तिथंच आहे. पुणे जिल्ह्यातल्या हिंदू कुटुंबाला प्रोबेट सक्तीचं नाही, मृत्युपत्र करणारे थोडे, म्हणून असा कोणी नेमलाच जात नाही. मग जो दारात बसून आरडाओरडा करतो त्याचं आधी फिटतं आणि लेथवरच्या कामगाराचा पगार मागे राहतो. सक्ती नसली तरी वारसांनी हाच क्रम धरावा, असं माझं मत आहे: येण्या-देण्याची यादी करावी, वर्तमानपत्रात नोटीस द्यावी आणि तोवर एकही मशीन विकू नये.

यावर कोणी म्हणेल, वारस जबाबदारीच्या या मर्यादेच्या आड लपतील. लपता येत नाही. मशीन विकून आलेला पैसा कुठं गेला हे दाखवता आलं नाही, तर तेवढ्या रकमेसाठी वारसाच्या स्वतःच्या मालमत्तेवरही वसुली येते. दुसरा आक्षेप बाजारातली पत टिकवण्याचा: धंदा पुढं चालवायचा तर सगळ्यांचं पूर्ण फेडलं पाहिजे. स्वतःच्या कमाईतून अवश्य फेडावं. इस्टेटीतून मात्र एकाचं पूर्ण आणि दुसऱ्याला काहीच नाही, हा न्याय नव्हे. शिवाय मालकाच्या बायकोनं कर्जाला जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ते देणं वारशानं आलेलं नसतं, तिचं स्वतःचंच असतं. तिथं ही मर्यादा उपयोगी पडत नाही. वर्कशॉपच्या मालकांनो, ती सही घेण्याआधी दोनदा विचार करा, आणि विमा घेताना 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे पॉलिसी लिहून घ्या. धनकोंना बुडवण्याच्या हेतूनं हप्ते भरलेले नसतील, तर ती रक्कम तुमच्या इस्टेटीत धरली जात नाही.