मालिश केव्हा लांबणीवर टाकावी?



दिवसभर पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी केली, की खांदे भरून येतात. घरी कारभारीण तेल कोमट करून ठेवते. पण थांबा! फवारणीहून आल्यावर अंग धुतल्याशिवाय तेल लावू नका. बरीच कीटकनाशके तेलात विरघळतात नि कातडीतून आत शिरतात. चोळल्याने ती जास्तच मुरतात. आधी कपडे बदला, साबण लावून भरपूर पाण्याने अंघोळ करा. तेल काय, उद्याही लावता येते.

डोके दुखते, मळमळते, लाळ सुटते, नजर अंधूक होते? मग हा नुसता थकवा समजू नका, विषबाधा असू शकते. औषधाचा डबा किंवा घडीपत्रिका बरोबर घ्या नि तडक दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे विसरून कसे चालेल?

दुसरे असे, की एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, हाताला गरम लागत असेल, तर ती रगडू नका. शिरेत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात अडकते, जिवावर बेतते. बाळंतिणीला याचा धोका अधिक, तेव्हा तिच्या बाबतीत फार जपा.

साप चावलेली जागा तर मुळीच चोळू नये. तो हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा.

आणि झाडावरून पडून पाठीला मार बसला, तर गावचा हाडवैद्य कितीही नावाजलेला असो, आधी क्ष-किरण फोटो काढून घ्या, मगच कोणाचा हात लावू द्या.