नराला बाप नसतो

माझ्या आधी माझ्या अम्मीला चार मुली झाल्या. पाचवा मी. जुन्या नाशकातल्या आमच्या घरात मुलगी झाली की दादी अम्मीशी कित्येक दिवस बोलत नसे. ‘हिच्या पोटीच मुली’, असं शेजारपाजारही म्हणायचा. अम्मी ऐकून घ्यायची. हे मला थोरल्या आपाने सांगितलं, अम्मीने कधीच नाही.

गेल्या फाल्गुनात चांदवड तालुक्यात मेहुण्यांच्या शेतावर गेलो, तेव्हा हे पुन्हा आठवलं. कांद्याचे डोंगळे पांढरेशुभ्र फुलले होते. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर मागाहून तयार होतं. म्हणून बी चांगलं धरायचं तर मधमाशी हवी. बांधावर सातेरी माश्यांच्या पेट्या होत्या. पेटीवाल्या पोराने एक चौकट उचलून दाखवली. म्हणाला, “काका, हे मोठ्या डोळ्यांचे नर. यांना बाप नसतो.”

मला थट्टा वाटली. पण ते शब्दशः खरं आहे. राणीमाशी मीलनानंतर शुक्राणू पोटातल्या पिशवीत साठवते आणि ते तिला पुढे वर्षानुवर्षं पुरतात. अंडं घालताना तिने शुक्राणू सोडला, तर आई-बापांची मिळून 32 गुणसूत्रं होतात आणि मादी जन्मते. नाही सोडला, तर आईचीच 16 गुणसूत्रं राहतात आणि नर होतो. त्याला बाप नसतो, पण आईचे वडील, म्हणजे आजोबा असतात! सायलेशियातल्या यान जेर्झोन या धर्मगुरूने हे 1845 साली मांडलं.

पण खरी किल्ली नुसत्या संख्येत नाही. 2003 साली मधमाशीत लिंग ठरवणारा जनुक सापडला. त्याचे नमुने पुष्कळ. अंड्यात दोन निराळे नमुने आले की मादी, एकच असला की नर. आणि दोन्ही सारखेच आले तर? तर बाप असूनही नरच होतो, आणि अळी अंड्यातून बाहेर पडताच कामकरी माश्या तिला खाऊन टाकतात. राणीला तिच्याच नमुन्याचा नर भेटला, तर त्याच्यापासूनची निम्मी प्रजा अशी जाते. पोराने दाखवलेल्या एका चौकटीत मधली मधली घरं रिकामी होती. सगळ्या पेट्या एकाच वसाहतीतून फोडलेल्या. “रक्त बदलायला हवं,” तो म्हणाला. राणी पोळ्यापासून दूर उडून अनेक नरांशी मीलन करते, त्यात हाही फायदा आहे.

हा जनुक आला कुठून? मादी घडवणारा एक जुना जनुक होताच. त्याची जादा प्रत तयार झाली आणि तिने निवाड्याचं काम हाती घेतलं. मुंग्यांतही नर बिनबापाचेच. पण 2024 साली अर्जेंटिनी मुंगीत निवाडा करणारा डीएनएचा तुकडा वेगळाच निघाला. त्यातून प्रथिनसुद्धा बनत नाही. न्याय तोच, न्यायाधीश निराळा.

माणसात मात्र आईकडून नेहमी एक्स येतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. मधमाशीत खरोखर आईच ठरवते, पण तिला कोणी बोल लावत नाही. आपल्याकडे आईच्या हाती काही नसताना सगळा बोल तिलाच. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा तर 1994 चा!

घरी येऊन हे सगळं आपाला सांगितलं. ती म्हणाली, “अम्मी असताना का नाही सांगितलंस?”

एक्स-वाय मी शाळेतच शिकलो होतो. परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण दादीसमोर तोंड उघडलं नाही. श्रोतेहो, तुमच्या घरात आज कोणी असा बोल ऐकून घेत असेल, तर तुम्ही गप्प बसू नका.